शेतीचे अनुदान खात्यात का आले नाही, याचा माग कसा काढावा

पीएम-किसानचा हप्ता सुटला की दुसऱ्या दिवशी बँकेत पासबुक भरून घेण्यासाठी रांग लागते. त्या रांगेत दोन-चार जण तरी असे निघतात, ज्यांच्या पासबुकावर हप्त्याची ओळ उमटतच नाही. मग तो माणूस बँकेतून तलाठ्याकडे, तलाठ्याकडून तालुक्याच्या कृषी कार्यालयात, तिथून सेवा केंद्रात आणि सेवा केंद्रातून पुन्हा बँकेत असा फिरत राहतो. गंमत अशी की ‘आमच्याकडे काही अडलेले नाही’ असे जे त्याला प्रत्येक ठिकाणी सांगितले जाते, ते तीन ठिकाणी खरेच असते. पैसा एकाच ठिकाणी अडलेला असतो आणि ते ठिकाण घरबसल्या मोबाईलवर कळू शकते. आमच्या गावात शेजाऱ्यापाजाऱ्यांचे असे हप्ते शोधून देता देता जो क्रम मला उपयोगी पडला, तोच येथे मांडतो आहे.

आधी पैसा कोणता ते ठरवा

‘अनुदान आले नाही’ या तीन शब्दांत चार निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या असतात. केंद्राच्या पीएम-किसान योजनेचे वर्षाला ६,००० रुपये २,००० रुपयांच्या तीन हप्त्यांत येतात; एप्रिल ते जुलै, ऑगस्ट ते नोव्हेंबर आणि डिसेंबर ते मार्च असे त्यांचे कालखंड आहेत. राज्याने २०२३ मध्ये सुरू केलेल्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे तेवढेच ६,००० रुपये वेगळे येतात. त्यासाठी स्वतंत्र अर्ज नसतो, पीएम-किसानच्या यादीवरूनच त्याची यादी बनते. मात्र दोन्ही हप्ते एकाच दिवशी पडतील असे नाही, आणि त्यामुळे ‘एक आला, एक गेला’ म्हणून घाबरून जाण्याचे कारण नसते. तिसरा प्रकार अतिवृष्टी किंवा गारपिटीच्या मदतीचा. त्याचा हिशोब महसूल खात्याकडे असतो. चौथा महाडीबीटी या राज्याच्या अनुदान-अर्जांच्या संकेतस्थळावरील ठिबक, यंत्रे, शेततळे यांच्या अनुदानाचा, आणि तो कृषी खात्याचा. यांपैकी कोणता पैसा अडला आहे हे ठरल्याशिवाय कोणत्याही कार्यालयाची पायरी चढू नये, कारण चुकीच्या टेबलावरचा माणूस आपल्याला मदत करू इच्छित असला तरी त्याच्या संगणकावर आपली नोंदच उघडत नाही.

पीएम-किसानचे तीन रकाने

पीएम-किसानच्या संकेतस्थळावर ‘नो युवर स्टेटस’ नावाची कळ आहे. तिथे नोंदणी क्रमांक टाकावा लागतो. तो माहीत नसेल तर त्याच पानावर आधार क्रमांकावरून किंवा नोंदवलेल्या मोबाईल क्रमांकावरून शोधता येतो, आणि एकदा सापडला की तो पासबुकाच्या पहिल्या पानावर पेनाने लिहून ठेवावा. उघडलेल्या पानावर बरीच माहिती असते, पण आपल्याला त्यातले तीनच रकाने पाहायचे असतात : ई-केवायसी म्हणजे आधारवरून ओळखीची पडताळणी झाली आहे का, ‘लँड सीडिंग’ म्हणजे जमिनीची नोंद जोडलेली आहे का, आणि बँक खात्याला आधार जोडलेले आहे का. तिन्ही ठिकाणी ‘येस’ असेल तर पैसा सहसा वाटेवर असतो. खाली हप्त्याच्या ओळीत ‘आरएफटी साइन्ड’ असे दिसले, तर राज्याने रक्कम पाठवण्याची विनंती सही करून पुढे धाडलेली आहे. ‘एफटीओ’ निघाल्याचे दिसले, तर पैसे पाठवण्याचा आदेश तयार झालेला आहे. त्या अवस्थेत धावपळ करून काही साधत नाही, आठ-दहा दिवस थांबावे.

ई-केवायसीचा रकाना ‘नो’ असेल तर ते सर्वांत सोपे काम आहे. आधारला मोबाईल जोडलेला असल्यास ओटीपीवर ते घरीच होते, नसल्यास सेवा केंद्रात बोटाच्या ठशावर. वयस्क माणसांची, त्यातही निंदणी-खुरपणीत आयुष्य गेलेल्या बायकांची बोटे इतकी झिजलेली असतात की यंत्र ठसा घेत नाही आणि सेवा केंद्रवाला ‘उद्या या’ म्हणून वाटेला लावतो. अशा वेळी २०२३ पासून पीएम-किसानच्या ॲपमध्ये चेहरा दाखवून ई-केवायसी करण्याची जी सोय झाली आहे, ती वापरावी. मुलाच्या किंवा शेजाऱ्याच्या मोबाईलवरूनही ती करता येते. फक्त उन्हाकडे तोंड करून बसवावे आणि डोळ्यांची उघडझाप करायला सांगावे.

आधार जोडलेले आहे, पण कोणत्या बँकेला?

सर्वांत जास्त हप्ते अडतात ते येथे, आणि सर्वांत जास्त गैरसमजही याच ठिकाणी आहे. बहुतेक शेतकरी असे धरून चालतात की फॉर्मवर जो खाते क्रमांक दिला, त्याच खात्यात पैसे येणार. प्रत्यक्षात आता हे हप्ते आधारवर आधारलेल्या पद्धतीने पाठवले जातात, म्हणजे सरकारकडून पैसे तुमच्या आधार क्रमांकाच्या नावाने निघतात. एनपीसीआय ही देशभराच्या बँक व्यवहारांची यंत्रणा चालवणारी संस्था आहे आणि तिच्याकडे एक तक्ता असतो. या आधार क्रमांकाचे पैसे कोणत्या बँकेकडे द्यायचे, एवढेच त्यात लिहिलेले असते. एका आधारसमोर एका वेळी एकच बँक राहते, आणि जी बँक सर्वांत शेवटी संमती घेऊन जोडली गेली, तिचे नाव उरते. खाते क्रमांक, आयएफएससी कोड यांचा येथे काही संबंध उरत नाही.

बँकेत ‘माझे आधार जोडले आहे का’ असे विचारले तर ‘हो’ असे उत्तर मिळते आणि तरीही पैसे येत नाहीत, याचे कारणही यातच आहे. आधारची झेरॉक्स देऊन केवायसी पूर्ण केली की बँकेच्या दृष्टीने आधार जोडलेले असते. पण एनपीसीआयच्या तक्त्यात नाव जाण्यासाठी वेगळ्या संमती अर्जावर सही किंवा अंगठा द्यावा लागतो. म्हणून बँकेत विचारताना ‘माझे खाते डीबीटीसाठी एनपीसीआयला मॅप आहे का’ असेच विचारावे (डीबीटी म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात जमा होणे). हा प्रश्न ऐकला की खिडकीवरचा माणूस जरा सावरून बसतो, असा माझा अनुभव आहे.

त्याआधी घरीच खात्री करता येते. आधारच्या संकेतस्थळावर आपला क्रमांक आणि ओटीपी टाकून आत गेल्यावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ असा विभाग दिसतो. तिथे बँकेचे नाव, जोडणी चालू आहे की बंद, आणि ती केव्हा झाली, हे कळते. आमच्या आळीतल्या एका आजींचे तीन हप्ते ‘हरवले’ होते. जिल्हा बँकेचे पासबुक त्यांनी चार वेळा भरून घेतले, दर वेळी कोरे. सीडिंगच्या पानावर मात्र एका पेमेंट बँकेचे नाव आले, जे त्यांनी कधी ऐकलेही नव्हते. बरेच खोदून विचारल्यावर उलगडा झाला : बाजाराच्या दिवशी मोबाईलच्या दुकानात नवे सिमकार्ड घेताना त्यांनी यंत्रावर दोनदा अंगठा दिला होता, आणि दुसरा अंगठा खाते उघडण्याचा होता. सहा हजार रुपये त्या खात्यात सुखरूप पडून होते. त्याच दुकानात जाऊन ते काढले, आणि मग जिल्हा बँकेत नवा संमती अर्ज भरून आधार पुन्हा तिथे वळवले.

हा अर्ज भरताना त्यात ‘माझे आधार आधी दुसऱ्या बँकेला जोडलेले आहे, ते बदलून या बँकेला जोडावे’ अशा अर्थाचा जो पर्याय असतो, त्यावर खूण करायला विसरू नये. नुसते ‘नवीन जोडणी’ लिहिले तर अर्ज अडकून पडतो. अर्जाची पोच घ्यावी आणि आठवड्याभराने तेच पान पुन्हा उघडून बँकेचे नाव बदलले का ते पाहावे. ज्या गावाला बँक लांब आहे, तिथे पोस्टमनमार्फत पोस्टाच्या पेमेंट बँकेत खाते उघडून आधार तिथे जोडण्याचा मार्ग चांगला आहे. मात्र घरातल्यांना तसे सांगून ठेवावे, नाही तर पुढच्या हप्त्याला पुन्हा जुनेच पासबुक भरायला जाणे होते.

एकाच बँकेत दोन-तीन खाती असतील तर आणखी एक गुंता उद्भवतो. एनपीसीआय पैसे बँकेपर्यंत पोचवते. आत कोणत्या खात्यात टाकायचे ते बँकेची नोंद ठरवते. बचत खाते कोरे दिसत असेल तर त्याच शाखेतल्या बाकीच्या खात्यांचे उतारेही मागून पाहावेत. जनधनच्या काळात पुरेशी कागदपत्रे न देता उघडलेल्या ‘स्मॉल अकाउंट’मध्ये वर्षभरात एक लाखापेक्षा जास्त जमा होऊ शकत नाही. दोन हजारांचा हप्ता अशा खात्यात सहज जातो, पण ठिबक किंवा यंत्राचे मोठे अनुदान या मर्यादेमुळे तिथे अडू शकते. केवायसी पूर्ण करून ते साधे बचत खाते करून घेतले की ही मर्यादा उठते.

जमिनीचा रकाना ‘नो’ असेल तर

येथे मोबाईलचे काम संपते आणि कागदांचे सुरू होते. पीएम-किसानचा मूळ नियम असा आहे की १ फेब्रुवारी २०१९ रोजी जमीन अर्जदाराच्या नावावर असली पाहिजे. त्या तारखेनंतर खरेदीने किंवा बक्षीसपत्राने नावावर आलेल्या जमिनीवर लाभ मिळत नाही. अपवाद फक्त खातेदाराच्या मृत्यूनंतर वारसाने आलेल्या जमिनीचा. म्हणून नुसता ताजा सातबारा दाखवून भागत नाही, कारण सातबारा आजची स्थिती सांगतो, जमीन केव्हा आली ते सांगत नाही. ते सांगतो फेरफार, म्हणजे मालकी बदलाची नोंद. सातबाऱ्यावर नावाजवळ फेरफार क्रमांक छापलेला असतो. तो क्रमांक घेऊन फेरफाराची नक्कल काढावी. फेरफार जुना, हस्तलिखित असेल आणि संगणकावर सापडत नसेल, तर तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज द्यावा लागतो आणि त्याला वेळ लागतो, हे धरूनच चालावे. वडील २०१९ नंतर वारले असतील तर दोन फेरफार लागतात : वडिलांच्या नावावर जमीन त्या तारखेपूर्वी होती हे दाखवणारा एक, आणि वारसनोंदीचा दुसरा.

सातबारा, आठ-अ, फेरफार आणि आधारची प्रत असा संच तालुका कृषी कार्यालयात पीएम-किसानचे काम पाहणाऱ्याकडे द्यावा. देण्यापूर्वी नावे जुळवून पाहावीत. सातबारावर ‘भाऊराव’ आणि आधारवर ‘भाऊसाहेब’, किंवा एकीकडे आडनावात ‘पाटील’ आणि दुसरीकडे मूळ आडनाव, असे असेल तर त्या दोन्ही व्यक्ती एकच असल्याचे कागद आधीच जोडावे. त्रुटी काढून परत आल्यावर जोडण्यात महिना जातो. माझे मत विचाराल तर आधारवरचे नाव बदलण्यापेक्षा सातबारावरचे नाव दुरुस्त करून घेणे कष्टाचे असले तरी कायमचे उपयोगी पडते, कारण पुढे शेतकरी ओळख क्रमांक काढताना तीच तफावत पुन्हा आडवी येते. हा ॲग्रीस्टॅक या शेतकरी नोंदणी यंत्रणेतला क्रमांक १५ एप्रिल २०२५ पासून राज्याच्या कृषी योजनांसाठी सक्तीचा झाला आहे. तो काढताना आपले सगळे गट क्रमांक त्यात जोडले गेले आहेत का, हे सेवा केंद्रातून उठण्यापूर्वी पाहावे. दुसऱ्या गावच्या शिवारातला तुकडा हमखास राहून जातो.

पीएम-किसानच्या नियमांप्रमाणे कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अज्ञान मुले. नवरा-बायको दोघांच्या नावे जमीन असली तरी हप्ता एकालाच. आयकर भरणारे, दहा हजार किंवा त्याहून अधिक मासिक निवृत्तिवेतन घेणारे, चतुर्थ श्रेणी वगळता सरकारी नोकरीत असलेले, आणि व्यवसाय करणारे डॉक्टर, वकील, अभियंते हेही वगळलेले आहेत. हप्ता यामुळे थांबला असेल तर तो सुरू करण्याची खटपट करू नये. उलट घेतलेले हप्ते परत करण्याची सोय संकेतस्थळावर आहे आणि वसुलीची नोटीस येण्यापूर्वी ती वापरलेली बरी. पण अडचण केवळ नोंदीतील चुकीची असेल, तर ती दूर झाल्यावर मधल्या काळातले राहिलेले हप्तेही मिळण्याचा हक्क आहे, आणि तो अर्जात स्पष्ट लिहून मागावा.

अतिवृष्टीची मदत

महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला आणि पिकाचे नुकसान ३३ टक्के किंवा अधिक भरले, की पंचनामा होतो. पंचनाम्यानंतर याद्या तयार होतात आणि प्रत्येक बाधित खातेदाराला एक विशिष्ट क्रमांक मिळतो. ही यादी तलाठ्याकडे आणि ग्रामपंचायतीत लागते. (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे, गावात मात्र तलाठी हाच शब्द चालू आहे आणि तो पुसला जाईल असे वाटत नाही.) यादीतला क्रमांक घेऊन सेवा केंद्रात आधारवर प्रमाणीकरण केल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. २०२५ च्या अतिवृष्टीच्या मदतीवेळी ज्यांचा शेतकरी ओळख क्रमांक तयार होता त्यांना या पायरीतून सूट दिली गेली, हे तो क्रमांक काढून ठेवण्याचे आणखी एक कारण.

प्रमाणीकरण करताना पडद्यावर क्षेत्र आणि रक्कम दिसते. ती शांतपणे वाचावी. दोन एकर नुकसान झाले आणि पडद्यावर वीस गुंठेच दिसत असतील, तर ‘मान्य’ करण्याऐवजी तक्रारीचा पर्याय निवडावा. एकदा अंगठा दिला की ती रक्कम आपण मान्य केली असे होते. सेवा केंद्रात गर्दी असते, मागचा माणूस घाई करतो, पण हे दोन मिनिटांचे काम आहे.

जमीन सामाईक असेल तर सहहिस्सेदारांचे संमतीपत्र लागते आणि पैसे एकाच्याच खात्यात जातात. २०२३ च्या खरिपातील कापूस आणि सोयाबीन उत्पादकांना हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, देण्यात आले, तेव्हा ई-पीक पाहणी (मोबाईलवरून केलेली पिकाची नोंद) झालेली असूनही अनेकांचे पैसे याच कागदापायी मागे राहिले. भावाभावांत बोलणे नसेल तर हा कागद होत नाही, आणि त्यावर कोणत्याही कार्यालयाकडे औषध नाही.

महाडीबीटीवरचे अनुदान

येथे पैसा अडण्यापेक्षा अर्ज बाद होण्याचे प्रमाण अधिक आहे, आणि त्याचे कारण बहुधा तारखांचा क्रम असतो. निवड, कागदपत्रे, पूर्वसंमती, खरेदी, बिल अपलोड, मोका तपासणी (शेतावर येऊन केलेली पाहणी) आणि मग रक्कम, असा हा क्रम आहे. पूर्वसंमतीचे पत्र येण्याआधीच्या तारखेचे बिल असेल तर पुढे सगळे निष्फळ ठरते. दुकानदार ‘घेऊन जा, नंतर बघू’ म्हणतो, कारण त्याचा माल विकला जातो. बिल अर्जदाराच्याच नावाचे, जीएसटी क्रमांकासह असावे आणि पैसे रोखीने न देता अर्जदाराच्या बँक खात्यातून द्यावेत; मुलाच्या मोबाईलवरून केलेल्या भरण्याने अडचण होते.

ठिबकसाठी केंद्राच्या योजनेचे ५५ टक्के आणि राज्याचे पूरक २५ टक्के मिळून अल्प व अत्यल्प भूधारकाला ८० टक्के, तर इतरांना ४५ आणि ३० मिळून ७५ टक्के अनुदान आहे, पाच हेक्टरच्या मर्यादेत. हे टक्के आपल्या बिलावर मोजले जात नाहीत. दोन ओळींतील अंतरानुसार शासनाने ठरवलेल्या खर्चावर मोजले जातात. म्हणून एक लाखाच्या बिलावर ऐंशी हजार येतील असा हिशोब करून उसनवारी करू नये. सर्व पायऱ्या पूर्ण होऊनही महिनोन्महिने रक्कम आली नाही, तर दोष आपला नसून निधीच आलेला नसण्याची शक्यता असते. ते खरे आहे का, हे तोंडी विचारण्यापेक्षा लेखी विचारावे.

लेखी विचारण्याची रीत

पीएम-किसानसाठी १५५२६१ हा मदत क्रमांक आणि संकेतस्थळावरील हेल्पडेस्क आहे. तक्रार टाकताना नोंदणी क्रमांक आणि तीन रकान्यांपैकी कोणता ‘नो’ आहे तेवढेच लिहावे. व्हॉट्सॲपवर ‘पीएम किसान’ नावाची जी एपीके फाईल फिरते, ती मात्र चुकूनही उघडू नये. ती मोबाईलमधले ओटीपी चोरते आणि हप्ता शोधता शोधता खातेच रिकामे होते.

कार्यालयाकडून उत्तर मिळत नसेल तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज जोडपत्र ‘अ’ मध्ये करावा. दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लागते, अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयाचा असावा, उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे. ‘माझे अनुदान का दिले नाही’ असे विचारले तर तो प्रश्न माहितीत बसत नाही म्हणून उत्तर टाळता येते. त्याऐवजी असे विचारावे : ‘माझ्या अमुक क्रमांकाच्या अर्जावर आजपर्यंत कोणत्या तारखेस कोणती कार्यवाही झाली, तो सध्या कोणत्या अधिकाऱ्याच्या स्तरावर प्रलंबित आहे, आणि त्या घटकासाठी चालू वर्षी तालुक्यास किती निधी प्राप्त झाला, याची माहिती व संबंधित नोंदींच्या प्रती मिळाव्यात.’ अर्ज आवक-जावक टेबलावर द्यावा आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून हलू नये.